पाण्याची अर्धी प्रदक्षिणा

१२ जानेवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. मागच्या वर्षीची संक्रांतीच्या आतच आटोपली होती, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. यंदा घडणार.

सिद्धेश्वर काल आला होता, दुपारच्या एस.टी.ने परत गेला. माझा मुलगा. नांदेडला रेल्वेत कारकून आहे, तिथे दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेऊन राहतो, शनिवारी येतो, रविवारी जातो. त्याचं एकच पालुपद : चाकूरचं शेत बटईने द्या, घराला कुलूप लावा आणि सगळे नांदेडला चला. सून वर्षाराणी शेत सोडायला तयार नाही. ती म्हणाली, मला एक हंगाम द्या, दोन एकर टरबूज करून दाखवते. न्हाई जमलं तर मी स्वतःच्या हाताने सामान बांधते. सिद्धेश्वर म्हणाला, ठरलं.

मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, काळजी कशाला, मी आहे ना.

त्यावर कुणी काही बोललं नाही. भावना दाटून आल्या असाव्यात.

मलाही नांदेडला जायचं नाही. दुसऱ्या मजल्यावरून आभाळ दिसतं, पण पाय टेकायला जमीन नाही. तेव्हा हा हंगाम जितका तिचा तितकाच माझा. संकल्प : रोज पहाटे उठून शेतावर जाणे.

२१ जानेवारी

पहाटे उठणं झालं नाही, थंडी होती. नऊला गेलो.

आमच्या बोअरला पाणी भरपूर, पण वाळू येते. ठिबकच्या नळ्यांची भोकं बारीक, वाळू शिरली की बुजतात, रोप तहानलेलं राहतं. म्हणून वर्षाराणीने लातूरहून हायड्रोसायक्लोन फिल्टर आणवलाय. नाव मोठं, वस्तू म्हणजे एक लोखंडी निळं नरसाळं, पंपघरासमोर उभं केलेलं, बुडाला वाळूचा डबा. बसवणाऱ्याने समजावून सांगितलं. पाणी वरच्या बाजूने तिरकं आत शिरतं, भिंतीच्या कडेकडेने गरगर फिरत खाली जातं. वाळू जड, ती भिंतीला घासत घासत डब्यात उतरते. स्वच्छ पाणी मधल्या नळीतून वर चढतं आणि ठिबकला जातं. आत चाक नाही, पंखा नाही. मी विचारलं, मग फिरतं काय? तो म्हणाला, पाणीच फिरतंय की अप्पा.

पाणीच फिरतंय! मला गहिवरून आलं. डोळे पुसले. सौ. शिवगंगा म्हणाली, धूळ गेली असेल, चष्मा लावून येत जा.

२३ जानेवारी

रोपं लावून झाली. वर्षाराणीने कामं वाटून दिली. माझ्याकडे फिल्टर आला. म्हणजे, रोज एकदा बुडाच्या डब्याची चावी उघडून साठलेली वाळू सोडायची, चावी बंद करायची. एवढंच बघा मामा, असं ती म्हणाली (मला ती मामा म्हणते, शिवगंगाला आत्या). 'एवढंच' हा तिचा विनय.

शाळेत कवितेच्या तासाला मी पाण्यावरच्या कविता तोंडपाठ म्हणायचो. गुरुजी टेबलावर बोटांनी ताल धरायचे आणि म्हणायचे, हा पोरगा कवी तरी होईल नाहीतर इंजिनियर तरी. मी कापडाचं दुकान टाकलं. पण दोन्ही व्हायचं राहून गेलं असं वाटायचं. आता नरसाळं हाती आलंय.

३ फेब्रुवारी

दहा-बारा दिवस निरीक्षण करून राहिलोय. निष्कर्ष : पाणी फार घाईत आहे.

तांब्यात गढूळ पाणी ठेवलं की गाळ खाली बसतो. का? पाणी शांत असतं म्हणून. इथे उलटा कारभार. पाणी वेड्यासारखं धावतं. वाळूला खाली बसायला सवड कुठे? डब्यात रोज चांगली ओंजळ-दोन ओंजळ वाळू निघते हे खरं, पण ती घाबरून खाली पडत असणार.

दुकानातला जुना लोखंडी गज काढला आणि नरसाळ्याचा घेर मोजला. गुंडप्पा, आमचा बांधशेजारी, बांधावरून ओरडला, अप्पा, त्याला परकर शिवून राहिले का? मी हसून सोडून दिलं. घेर परकराचा असो की फिल्टरचा, शास्त्र एकच. एक टोक रुंद, एक अरुंद. हयात त्यातच गेली माझी.

६ फेब्रुवारी

वर्षाराणी माहेरी अहमदपूरला लग्नाला गेली. शेतात दुपारी लाईट नव्हती. संधी.

वेल्डिंगवाल्या उमाशंकरला घेऊन गेलो. झाकणाचे बोल्ट काढले. मधली नळी आत बरीच खोलवर उतरलेली. मला तर हे बघवेना. स्वच्छ पाण्याने वर जायचं, तर त्याला आधी इतकं खाली का उतरवायचं? दारापाशी आलेल्या पाहुण्याला मागच्या अंगणातून फिरवून आणल्यासारखं. नळी चार बोटं ठेवून बाकी कापून टाकली. उमाशंकर म्हणाला, वैनीला विचारलं का? मी म्हणालो, तिला सरप्राईज आहे. तो म्हणाला, मग माझं नाव सांगू नका. कारागीर नम्र असतो.

१० फेब्रुवारी

नरसाळ्याच्या पुढे एक जाळीचा फिल्टर आहे. वर्षाराणी तो आठवड्याने धुवायची, आता रोज धुते. म्हणाली, मामा, जाळीत वाळू का येऊन राहिली? मी म्हणालो, जाळी चांगल्या कंपनीची आहे, पकडते.

ती जाळीकडे बघत राहिली. मग विचारलं, तुम्ही डबा रोज सोडता ना? मी सोडतो म्हणालो. सोडतोच. परवाचा आणि कालचा दिवस वगळता.

१८ फेब्रुवारी, लातूर

डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो म्हणून सांगून निघालो आणि ठिबकच्या दुकानात गेलो. श्रीशैल नावाचा तरुण मालक. बसा अप्पा, चहा घ्या. मी माझे विचार मांडले, पाण्याचा वेग कमी करण्याबद्दल. त्याने शांतपणे ऐकलं, मध्ये दोन फोन घेतले. मग म्हणाला, अप्पा, सगळा खेळ वेगाचाच हाय. पाणी जितकं गरगर फिरल तितकी वाळू बाहेर फेकल. फेऱ्या अडल्या की नरसाळं अन् साधा पाइप सारखाच. आणि मधल्या नळीला हात लावू नका, ती लांब ठेवली म्हणूनच घाण पाणी शॉर्टकट मारत न्हाई. बाकी काहीबी करा.

मुलगा हुशार आहे पण पिढी घाईची. वेगाशिवाय यांना काही सुचत नाही.

त्याचं शेवटचं वाक्य मात्र मोलाचं. बाकी काहीबी करा. निघताना त्याने कॅलेंडर दिलं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

आजची तारीख जपून ठेवावी.

उपास. शिवगंगा आणि मी महादेवाच्या दर्शनाला. रांग लांब. गाभाऱ्यात पिंडीवर अभिषेकपात्र टांगलेलं, त्यातून थेंब थेंब पाणी. मी बघतच राहिलो. वर रुंद, खाली अरुंद, बुडाला भोक. नरसाळं! आणि थेंब थेंब म्हणजे ठिबक! लोक म्हणतात ठिबक बाहेरच्या देशातून आलं. आमच्या महादेवाला कोण इंपोर्ट करून देत होतं?

मग प्रदक्षिणा. महादेवाला पूर्ण घालत नाहीत. पिंडीवरचं तीर्थ जिथून बाहेर पडतं तिथवर जायचं, ती वाट ओलांडायची नाही, तिथूनच माघारी वळायचं, आल्या वाटेने परत. अर्धी प्रदक्षिणा. लहानपणापासून घालतोय. पण आज त्या वळणावर पाय थांबले आणि डोक्यात वीज चमकली.

आमच्या नरसाळ्यात पाणी गोल गोल फिरतं, म्हणजे बाहेर पडायच्या वाटेला पुन्हा पुन्हा ओलांडतं. म्हणून बिघाड! अर्ध्यात थांबवलं पाहिजे. कवितेतही ओळीच्या मध्ये यती असते, क्षणभर विसावा, त्याशिवाय ओळ डौलदार होत नाही. पाण्याला यती दिली की वाळू त्या क्षणात खाली बसेल.

वळणाच्या जागी आज फार चेंगराचेंगरी झाली. माघारी वळणारे समोरून येणाऱ्यांवर आदळत होते, पुढे कुणालाच सरकता येईना. माझ्या चष्म्याची काडी वाकली, एका बाईचं बेलपत्राचं ताट माझ्या डोक्यावर सांडलं. पण तत्त्वाशी त्याचा संबंध नाही.

घरी येऊन दोन ओळी झाल्या. भुजंगप्रयात, एकही मात्रा इकडची तिकडे नाही :

फिरे नीर कोनात मंदावलेले
तळी रेत जाई जसे पाप गेले

शिवगंगाला ऐकवल्या. ती म्हणाली, साबुदाणा घ्या, थंड होऊन राहिलाय.

२८ फेब्रुवारी

लोखंडी पट्टी बसली. नरसाळ्याच्या आत, निम्म्या घेरावर, उभी, भिंतीला वेल्ड केलेली. पाणी येईल, अर्धा फेरा घेईल, पट्टीशी थांबेल, नम्रपणे माघारी वळेल.

उमाशंकरने पुन्हा विचारलं, वैनीला? मी म्हणालो, शुभ काम आहे, आधी बोलू नये. वर्षाराणी तेव्हा बचतगटाच्या मीटिंगला गेली होती.

वेलांना फळं धरायला लागली आहेत. बोराएवढी, अंगावर पट्टे. किती गोड दिसतात. ती पट्टी आणि हे पट्टे, योगायोग म्हणू नये.

१ मार्च, संध्याकाळी

यश! यश! यश!

डब्याची चावी उघडली. वाळू नाही! नुसतं पाणी. कालपर्यंत ओंजळ ओंजळ निघायची, आज कणही नाही. पाणी इतकं शुद्ध झालं की वाळूच उरली नाही.

गुंडप्पाला बोलावून दाखवलं. तो डब्यात वाकून बघत राहिला. म्हणाला, अप्पा, बोअरमधून वाळू येणं बंद झालं का? मी म्हणालो, नाही, बोअर तोच. मग म्हणाला, मग वाळू गेली कुठं? मी म्हणालो, हेच तर शास्त्र. तो डोकं खाजवत गेला. शेतकरी माणूस, एका दिवसात पचणार नाही.

संकल्प : या पद्धतीवर निबंध लिहिणे. मथळा, 'जलशुद्धी आणि यती'. लातूरच्या कृषी प्रदर्शनात मांडणे. श्रीशैलला एक प्रत.

४ मार्च

निबंधाचा पहिला परिच्छेद झाला. त्यात मुख्यतः आमच्या शाळेचं वर्णन आहे.

वर्षाराणी दिवसातून तीनदा जाळी धुवून राहिली. संध्याकाळी म्हणाली, पश्चिमेकडच्या ओळींना पाणीच पोचत न्हाई, वेल दुपारी मान टाकायलेत. मी म्हणालो, ऊन वाढलंय बेटा, मार्च लागला.

६ मार्च

पश्चिमेच्या ओळी पिवळ्या. उत्तरेच्याही काही. वर्षाराणीने एक नळी उकलून माझ्यासमोर झटकली. तिच्या तळहातावर वाळू. मी म्हणालो, ही जुनी असेल. ती म्हणाली, मामा, नळ्या नव्या हायत.

जेवताना तिने एकच भाकरी घेतली. शिवगंगाने दुसरी वाढली तर म्हणाली, नको आत्या. मग थोड्या वेळाने, ताटाकडे बघूनच म्हणाली की आता फळ पोसायचे दिवस, हे आठ-दहा दिवस गेले तर सगळं गेलं.

मला तिला धीर द्यावासा वाटला. निबंध झाल्यावर सांगू, म्हणजे एकदम आनंद होईल.

९ मार्च, रविवार

लिहायला हात चालत नाही. तरी नोंद हवी.

सिद्धेश्वर आला. पूर्ण शेत फिरला. पंपघराच्या पायरीवर बसला आणि म्हणाला, वर्षा, तू केलंस तेवढं पुष्कळ. आता पुरे. फ्लॅटवर एक खोली रिकामीच आहे, आईअप्पांना ती देऊ. वर्षाराणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. तिला मी लग्नाच्या दिवशीही असं गप्प पाहिलं नव्हतं.

तेव्हा मी ठरवलं, आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही. माझं काम पुढे आणलं तर सगळ्यांचा धीर परत येईल. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. महाशिवरात्र, अर्धी प्रदक्षिणा, यती, उभी पट्टी, कापलेली नळी. डब्यात आता वाळू पडतच नाही हेही. दोन ओळीही म्हणून दाखवल्या.

बांधावर गुंडप्पा होता, तो खाली बसला. सिद्धेश्वरने कपाळाला हात लावला तो काढलाच नाही.

पहिली शिवगंगा बोलली. आमच्या संसारात तिने मला फारसं टोकलं नाही. आज म्हणाली, अहो, ते नरसाळं म्हणजे काय महादेव आहे का? मारुती समजायचा होता. मारुतीला अकरा घालतात.

गुंडप्पा तोंडात उपरणं घालून हसायला लागला. म्हणाला, वैनी, वाळू दर्शन न घेताच सरळ शेतात चालली की हो!

वर्षाराणी उठली. मला वाटलं रडेल. ती पाना घेऊन आली आणि झाकणाचे बोल्ट काढायला लागली. झाकण उचलून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, मामा, वेल्डिंग लई मजबूत केलंय.

मी म्हणालो, उमाशंकरचं काम. त्याचं नाव सांगायचं नव्हतं, निघून गेलं.

लातूरला फोन लावला. श्रीशैल म्हणाला की आत वेल्डिंग केलेला फिल्टर कंपनी परत घेत नाही, आणि नवा यायला पंधरा दिवस. तोवर वेलांचं काय? तेव्हा गुंडप्पा म्हणाला की त्याच्याकडे तसलाच जुना आहे, गोठ्यात पडून आहे, त्याच्या बोअरला वाळू नाही म्हणून. मग सिद्धेश्वर आणि गुंडप्पाने तो बैलगाडीत घालून आणला, तासाभरात जोडला. लाईट आली. पाणी सुरू केलं आणि थोड्या वेळाने डब्याची चावी उघडली तर वाळूच वाळू. सगळे खुश. वाळू बघून इतका आनंद करणारी माणसं मी पाहिली नाहीत. चव बदलत चालली आहे.

वर्षाराणी आणि शिवगंगा अंधार पडेपर्यंत नळ्यांची टोकं उघडून वाळू सोडत होत्या, एकेक भोक बोटाने चोळत होत्या. मी मदतीला गेलो तर दोघी एकदमच म्हणाल्या, तुम्ही बसा.

१० मार्च

सिद्धेश्वरने रजा टाकली. वर्षाराणीशी त्याचं ओसरीवर बोलणं चाललं होतं. मी मध्ये गेलो नाही, पण खिडकी उघडी होती. तो म्हणत होता, एक तर हंगाम वाचेल न वाचेल, किती दिवस तुला ताण? ती म्हणाली, मला फळं पोसेपर्यंत वेळ द्या. एवढंच मागते. आणि... पुढचं हळू बोलली. तो म्हणाला, ते मी करतो.

मग आत येऊन मला म्हणाला, अप्पा, नांदेडला मला एकट्याला जड जाऊन राहिलं, तुम्ही चला ना काही दिवस.

म्हणजे तिकडे माझी जास्त गरज आहे. मी विचारलं, शेताचं काय? वर्षाराणी म्हणाली, आम्ही दोघी बघून घेऊ मामा, तुम्ही लई थकलात. खरं आहे, संशोधनाने माणूस थकतो. शिवगंगा मागे राहील. कुणीतरी जबाबदार माणूस शेतावर हवंच.

१२ मार्च, नांदेड

अहमदपूर, लोहा करत काल पोचलो. दुसरा मजला. लिफ्ट बंद. डब्याचं जेवण, भाजीला तिखट नाही. सिद्धेश्वर नऊला ऑफिसला जातो. गॅलरीतून समोरच्या बिल्डिंगचे कपडे दिसतात. चांगल्या प्रतीचं सुती कुणाकडेच नाही.

संकल्प : इथल्या वेळेचा सदुपयोग करून निबंध पूर्ण करणे.

१७ मार्च

बिल्डिंगच्या पाण्यालाही गाळ येतो असं कळलं. सोसायटीचं काम पंचशीलाबाई बघतात, शाळेत शिक्षिका आहेत. त्यांना मी भेटून म्हणालो, टाकीच्या फिल्टरबद्दल माझ्या काही कल्पना आहेत. त्या फार आदराने वागल्या. पाणी दिलं, बिस्किट दिलं. म्हणाल्या, काका, सिद्धेश्वरभाऊंनी तुमच्याबद्दल सगळं सांगितलंय. टाकी आहे तशी राहू द्या बरं का.

माझी कीर्ती इथवर आली आहे. पण अधिकार मिळायला वेळ लागतो.

२० मार्च

शेताचा फोन आला तर सांगता यावं म्हणून तीन-चार मुद्दे कागदावर लिहून माझ्या मोबाइलजवळ ठेवलेत. गुंडप्पाच्या जुन्या फिल्टरची मधली नळी त्यांनी तपासली असेल का? बुडाचं भोक बुजलं तर काय करायचं ते त्यांना माहीत आहे का?

फोन मात्र सिद्धेश्वरच्या मोबाइलवर येतो. तो बाहेर जाऊन बोलतो. परत येताना हसत असतो. विचारलं तर म्हणतो, ठीक आहे अप्पा, सगळं ठीक आहे. माझ्यापासून काळजी लपवत असावा.

२३ मार्च, रविवार

सिद्धेश्वर काल शनिवारी चाकूरला गेला, मला नेलं नाही. म्हणाला, ऊन लई आहे.

रिक्षाने गोदावरीच्या घाटावर गेलो. पुलाच्या खांबाला पाणी आपटतं आणि मागच्या बाजूला गोल फिरतं. एक पिवळं पान त्या भोवऱ्यात सापडलं होतं. मी बघत बसलो. पान एक फेरी, दोन फेऱ्या, पूर्ण, अगदी पूर्ण. कुठे थांबणं नाही, माघारी वळणं नाही. आणि भोवऱ्याच्या खाली, बरोबर मध्यभागी, वाळूचा सुंदर ढीग.

बराच वेळ बघितलं.

गोदावरी मोठी नदी. तिला आपले नियम लागू नसावेत.

येताना निबंधाचे कागद खिशात होते. ते घाटावर काढून वाचले नाहीत.

३० मार्च, गुढीपाडवा

सिद्धेश्वरने गॅलरीत गुढी उभारली, वरचा तांब्या दोरीने बांधला. कडुलिंब आणला. चाकूरहून दोघींनी फोन केला. पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. शिवगंगा म्हणाली, गोळी घेता का? वर्षाराणी म्हणाली, मामा, फळं आता मोठ्या तांब्याएवढी झालीत. पश्चिमेच्या ओळी गेल्या, पण बाकी वाचलं.

मी कागद हातात धरूनच होतो. म्हणालो, मधल्या नळीची लांबी... ती म्हणाली, हाव मामा, बरोबर हाय. आणि आत्याकडे फोन दिला.

कवितेची तिसरी ओळ जमवत होतो : 'कसे चोख पाणी, किती गोड वाहे'. वृत्त बरोबर आहे. चौथी सुचली नाही.

७ एप्रिल

काल पहिला माल निघाला. सिद्धेश्वर तिथेच होता. रात्री आला तो टरबूज घेऊन. कापलं. लाल, गोड, बिया काळ्या. मी दोन फोडी खाल्ल्या. त्याने बाकी पंचशीलाबाईंना दिलं.

तो म्हणाला की पश्चिमेच्या ओळी सोडल्या तर वर्षाने म्हटलं तसं करून दाखवलं. आता घराला कुलूप लावायचा विषय संपला. पुढच्या हंगामाला ती मिरची बघून राहिली आहे. मग लाजत म्हणाला की मीच लातूरला बदली मागतो, तिथून चाकूर जवळ पडतं.

मी म्हणालो, म्हणजे माझं सांगणं खरं ठरलं. काय सांगणं, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, पहिल्या दिवशीच मी म्हणालो होतो, काळजी करू नका.

तो हसला. पाठीवर हात ठेवला. असा हात त्याला लहानपणी ताप आल्यावर मी ठेवायचो.

११ एप्रिल

दिवसभर फोन वाजला नाही. म्हणजे पाणी बरोबर पडून राहिलंय. मुद्द्यांचा कागद घडी करून ठेवला. कशाला ठेवायचा तेही कळेना.

१४ एप्रिल

आज वर्षाराणीचा फोन, थेट मला. मी घाईघाईने कागद उघडला. पण तिने विचारलं, मामा, कधी येता? आत्या वाट बघून राहिल्या. मी म्हणालो, इकडे पुष्कळ कामं आहेत बेटा, बघतो. ती म्हणाली, या हो, संध्याकाळी तुमच्या कविता ऐकल्या न्हाईत तर घर सुनं वाटतं. मी म्हणालो, आणि तिथे माझं काम काय असेल? ती म्हणाली, काम काही न्हाई मामा, सावलीत बसायचं, आल्यागेल्याशी बोलायचं. मग जरा खाली आवाजात म्हणाली, अन् एक सांगते, रागवू नका, पाने-बिने आत ठेवून पंपघराला कुलूप लावलंय. किल्ली आत्याच्या कमरेला असते.

चोऱ्या वाढल्या असतील, असं मी म्हणालो. ती म्हणाली, हाव.

कुणाच्या भयाने, ते मी विचारलं नाही. पिशवी भरली.